मधली सोळा पानं

बाई, या वर्षात माझ्या चार कादंबऱ्या वाचून झाल्या. चौथी तुमची. ती शेवटी सांगते, कारण तिच्यासाठीच लिहायला बसले आहे आणि तिथवर पोचायला मला थोडी हिंमत गोळा करायची आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी अजून घुग्घुसलाच आहे, सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसते. दुपारी गर्दी ओसरली की ड्रॉवरमधून पुस्तक निघतं. पानांवर खाणीतल्या कोळशाची धूळ बसते, ती फुंकून वाचायचं. घरी नवऱ्याच्या शिफ्टा असतात, त्यामुळे माझं बहुतेक वाचन या खिडकीतच होतं.

पहिली कादंबरी आपल्या जंगलावरची, शहरातल्या लेखकाची. भाषा सुरेख आहे, नाकारत नाही. पण तुम्ही लावलेली खोड जात नाही. गोंडपिपरीजवळच्या आपल्या शाळेत दर शनिवारी सकाळी तुम्ही पुस्तकांची पत्र्याची पेटी उघडायचात आणि पुस्तक परत देणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं करायचात. "आवडलं ते तुह्यापाशी ठेव. खटकलं काय, ते सांग." एकदा मी म्हटलं, काहीच नाही खटकलं. तुम्ही तेच पुस्तक परत माझ्या हातात ठेवलंत. "मंग तू वाचलंच नाई. जाय, वाचून ये." वर्ग हसला, मी रडले, आणि पुढच्या शनिवारी तीन गोष्टी खटकल्याचं सांगितलं. तर या कादंबरीत बाया भर दुपारी मोहाची फुलं वेचतात. पहाटे पडलेला मोह दुपारपर्यंत कोण ठेवतं? आणि त्यातले आदिवासी तोंडच उघडत नाहीत, नुसते लांब कुठेतरी बघत बसतात. आमच्याकडे भामरागडकडची एक नर्स आहे, तिला वाचायला दिली. दोन दिवसांत परत आणून म्हणाली, "ताई, याच्यात कोनी बोलत काऊन नाई? आमच्या घरी तं कोनी चूपच बसत नाई."

दुसरी चांगली जाडजूड, एका घराण्याच्या तीन पिढ्यांची. ती मला मनापासून आवडली, महिनाभर डब्यासोबत खाल्ली म्हणा ना. खटकलं एवढंच की त्यातल्या बायका जन्मभर चुलीपुढे बसलेल्या आहेत आणि त्यांनी काय रांधलं ते लेखकाने एकदाही सांगितलेलं नाही. तिसरी अगदी लहान. बायकोला सगळ्याचा विसर पडत चाललाय आणि नवरा तिला रोज नव्याने आपली ओळख करून देतो. मी खिडकीत बसून रडले, औषध घ्यायला आलेला म्हातारा मलाच विचारू लागला, "तब्बेत बरी नाई का बाई?" त्यात काही खटकलं नाही असं वाटलं, म्हणून तुमच्या नियमाने परत वाचली. मग दिसलं की सगळं नवराच सांगतो. त्या बाईला काय वाटत असेल, कुणी विचारतच नाही.

आता तुमची. निवृत्त झाल्यावर तुम्ही कादंबरी लिहिलीत, चंद्रपूरच्या एका प्रेसमध्ये छापून घेतलीत आणि माझी प्रत स्वतः घेऊन आलात. पहिल्या पानावर एवढंच लिहिलं होतं, 'खटकेल ते सांग.' मी ती कपाटात ठेवली. पोरगं लहान होतं हे खरं, पण ते कारण नव्हे. वाईट निघाली तर तुमच्या तोंडावर काय सांगू, ही धास्ती होती. महिन्याभराने तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसला आहात. सूप बाजूला न ठेवताच विचारता, "काय खटकलं?" मी म्हणते, काही नाही बाई, छान आहे, एका बैठकीत वाचली. तुमचा हात थांबतो. "मधात कुठी अडली नाई?" मी म्हणते, नाही. तुम्ही "बरं" म्हणता आणि चहा ठेवायला उठता. चहात आलं होतं, हे मला अजून आठवतं. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात.

या उन्हाळ्यात कपाट आवरताना ती हाती आली आणि मी वाचायला घेतली. शहाण्णव पानापर्यंत बरी चालली होती. तुमची नायिका खेड्यातली शिक्षिका आहे आणि फार म्हणजे फारच चांगली आहे. चिडत नाही, चुकत नाही. वैताग आला मला तिचा. शहाण्णवनंतर बघते तर पुन्हा एक्क्याऐंशी. तोच नाला ती पुन्हा ओलांडते, पुन्हा तिची चप्पल वाहून जाते. शहाण्णवपर्यंत सगळं दुसऱ्यांदा, आणि मग एकदम एकशे तेरा. बाइंडिंगमध्ये सोळा पानं दोनदा लागली होती आणि त्यांच्या जागची सोळा गायब होती. ज्याने वाचली असती तो अडलाच असता. खिडकीबाहेर बाई चिठ्ठी धरून उभी, आणि माझे कान तापलेले.

रविवारी गोंडपिपरीची बस धरली. तुमच्या घरात आता तुमच्या बहिणीचा मुलगा राहतो. मी पान दाखवलं तसा तो हसला. "तुमच्याच पुस्तकात नाई ताई, सबन पुस्तकात तसंच हाय. प्रेसवाल्यानं मागून ती पानं छापून देल्ली होती. मी म्हनलं, एकेका पुस्तकात घालून देऊ. मावशी नाई म्हने. म्हने, ज्यानं वाचलं तो मागाले येईन." स्वयंपाकघरातल्या फळीवरून त्याने गठ्ठा काढला. म्हणजे त्या दिवशी तो माझ्या डोक्यावरच होता. प्रेसवाल्याने बांधलेली सुतळी तशीच होती. गाठ सुटेना, शेवटी त्याने ती विळीवर धरून कापली.

परतीच्या बसमध्येच वाचली. शाळेच्या पेटीतलं एक पुस्तक सापडत नाही. तुमची ती चांगली शिक्षिका जंगलालगतच्या टोल्यावरून, चार घरांच्या वस्तीवरून येणाऱ्या मुलीला सगळ्यांसमोर उभं करते आणि तिची थैली उलटी करायला लावते. थैलीत काही नसतं. मुलगी दुसऱ्या दिवसापासून येत नाही. पुस्तक पुढे शिक्षिकेच्याच घरी तांदळाच्या डब्यामागे निघतं. ती टोल्यापर्यंत जाते, त्या घराचं कुंपण दिसतं आणि तिथूनच मागे फिरते. ती मुलगी कोण, हे मला पहिल्याच ओळीला कळलं. ती माझ्या शेजारी बसायची, थैली उलटी झाली त्या दिवशीही. तरी ती यायची थांबली तेव्हा आम्हाला वाटलं होतं की घरच्यांनी तिला शेतीच्या कामाला लावलं.

आणि बाई, ती मला भेटली होती. तुमचं पुस्तक छापून यायच्या आधी, माझ्याच खिडकीत, लेकाचं औषध घ्यायला. तिने नंतर दुसऱ्या शाळेत जाऊन दहावी केली होती, अंगणवाडीत कामाला होती. मला ओळखून तिने पहिलं काय विचारलं असेल तर हे, "बाई कशा हायेत? अजून पेटी उघडतेत का? त्या पेटीतलं एक पुस्तक वाचाचं राहूनच गेलं मायं." राग नव्हता तिच्या आवाजात. तुम्हाला सांगायचं ठरवलं आणि विसरून गेले. त्या दिवशी तुमच्यासमोर बसून मी फक्त एवढं विचारायला हवं होतं की बाई, शहाण्णवनंतर पुन्हा एक्क्याऐंशी कसं? तुम्ही गठ्ठा खाली काढला असता, मी वाचलं असतं, तिची भेट आठवली असती, आणि तिचा निरोप तुम्हाला तिथल्या तिथे मिळाला असता. तुम्ही तो न ऐकताच गेलात. याचं मला फार वाईट वाटतं.

खटकलं ते सांगते. ती सोळा पानं तुमच्या पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं आहेत, आणि तीच तुम्ही फळीवर ठेवलीत. दुसरं, शिक्षिका कुंपणापासून मागे फिरली ते ठीक, माणूस फिरतो. पण पुढे शंभर पानं उरली होती, त्यांत ती परत एकदा तरी जायला हवी होती. तुमच्या भाच्याकडून मी त्या पानांचे दोन संच आणि कादंबरीची आणखी एक प्रत आणली आहे. दुसरा संच आणि ती प्रत तिला नेऊन देणार आहे. तिला काय खटकतं, तेही विचारीन.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्याच पुस्तकात, शहाण्णवनंतर ती पानं घातली आहेत, तिथे ठेवते. आणि एका बैठकीत नाही, बाई. नऊ दिवस लागले.