बाबांचा केलन

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज परत तेच! नागपूरहून नीळकंठकाकांचा व्हिडिओ कॉल. "जेवण केलं का रे विजय?" बाबा म्हणाले, "केलन." काका एकदम खुश — "अरे, चांगला बोलून राहिला ना हा! वसुधा, तू उगाच रडून राहिली!"

मी ओरडणारच होते — "केलं ना" नाही, केलन! आमचा केलन! सात पुस्तकांचा हीरो! आईने डोळे वटारले म्हणून गप्प बसले.

स्ट्रोकनंतर बाबांकडे हा एकच शब्द उरलाय. पाणी हवं — केलन. दुखतंय — केलन. डायपर ओला — केलन. लोकांना वाटतं ते "केलं ना" म्हणतात. आई म्हणते, वाटू दे. का वाटू दे??

९ फेब्रुवारी, रविवार

पाचवीत होते तेव्हा केलनचा पहिला भाग वाचला. बाबांचं इंग्लिश मशीनच्या मॅन्युअलपुरतं, म्हणून मी मराठीत सांगायचे. प्लांटमधून आले की बूट पण न काढता ऐकायचे. "थांब थांब, दरवाजा कोणी उघडला? केलनने? शाब्बास!" मी म्हणायचे, शेवटच्या भागात मरणार बघा तो. तर म्हणे, "मरतो कसा? त्या लेखिकेला सोडणार नाही मी!"

म्हणून मला पक्कं माहितीये. आत बाबा आहेत. पूर्ण. नाहीतर हाच शब्द का राहिला असता?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

स्पीच थेरपीवाल्या अमृता मॅम आल्या. "मराठी में 'केलन' मतलब?" आई म्हणाली, "कर लिया ना... ऐसा कुछ." मी म्हटलं, नहीं मॅम, हीरो का नाम है! मॅम हसल्या. मग म्हणाल्या, "इनसे एक ही भाषा में बोलो बेटा, घरवाली. खिचडी नहीं."

वाट लागली. माझं तर सगळंच खिचडी आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आला!! आठवा भाग. शेवटचा. स्कूलनंतर बिट्टन मार्केटच्या दुकानातून घेतला. दुकानवाले अंकल — "पापा नहीं आए?"

नहीं अंकल.

संध्याकाळपासून वाचून दाखवायला सुरुवात. मनात इंग्लिश, तोंडात मराठी. ओथ म्हणजे शपथ, हे आईला विचारावं लागलं. ड्रॅगन ड्रॅगनच राहिला, सॉरी. बाबा छताकडे बघत होते. पण दोनदा "केलन" म्हणाले, बरोबर त्याच्याच सीनला!

१९ फेब्रुवारी

आईने भरवलेला दलिया बाबांनी थुंकला. आई बाथरूममध्ये नळ सोडून रडली. नळ सोडला की ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

राहवलं नाही. पुढचं वाचून काढलं. मरतो यार. खरंच मरतो.

शेवट बदलून सांगू? बाबांना कळणार कसं? आईला विचारलं. ती चादर बदलत होती. "त्यांना काय कळतंय स्वरू. तुला वाटेल ते सांग."

बस. आता तर खरं तेच सांगणार. कळतं त्यांना.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शिवरात्रीची सुट्टी. कॉलनीत सकाळपासून भजनं, भोंगा आमच्याच खिडकीकडे. खिडकी लावली आणि शेवटचं पान वाचलं.

पुस्तकात "ही वॉज गॉन" आहे. मी म्हटलं — केलन गेला.

आणि माझा आवाजच फाटला. इंग्लिशमध्ये वाचताना इतकं नव्हतं झालं. मराठीत ते डायरेक्ट लागतं. नीळकंठकाका आजोबांचं सांगायला फोनवर असंच म्हणाले होते, गेले. पुढचं वाचताच येईना. रडतच बसले.

बाबांनी मान वळवली. माझ्याकडे पाहिलं — खरंच पाहिलं! डावा हात उचलला, तो माझ्या गुडघ्यावर पडला. "केलन. केलन. केलन." मग रडायला लागले. तोंड वाकडं, लाळ, सगळं.

मी आईला हाक मारली. बघ! कळलं त्यांना! केलन गेला ते कळलं!

आई दारात उभी. मग आत येऊन तिने बाबांची लाळ पुसली.

२७ फेब्रुवारी

आज बाबा एकदाही बोलले नाहीत. पाणीसुद्धा मागितलं नाही. एकच शब्द होता त्यांच्याकडे. तोच मी मारून टाकला.

१ मार्च, शनिवार

सकाळी परत बोलले! केलन! मी नाचत किचनमध्ये गेले. आई म्हणाली, बस इथे.

अमृता मॅमनी तिला केव्हाच विचारलं होतं — स्ट्रोक येऊन पडले तेव्हा काय बोलत होते? आईने विचारलं होतं, दूध गरम केलं का? बाबा म्हणाले, केलं ना. आणि पडले. मॅम म्हणाल्या, वही अटक गया है.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुझं तेवढं तरी राहू दे म्हटलं."

म्हणजे केलन नव्हताच. एकदाही नाही.

मग बुधवारी बाबा कोणासाठी रडले? समोर तर फक्त मी होते, रडत.