बोगद्याजवळचा सातवा खांब

मंगळवार, १४ ऑक्टोबर

जीव नुसता जळतोय. शहरातून बोगद्याकडे जाणाऱ्या जुन्या हायवेच्या पुलाची आज तपासणी केली. सातव्या खांबावर हातोडी मारली, आवाज पोकळ, म्हणजे आतलं काँक्रीट सुटलेलं. तीनदा मारली, पोकळच. खाली वडापची जीप थांबली होती, बायका पोरं घेऊन चढत होत्या.

मुकादम हसला. "ताईसाहेब, कशाला ताप करून घेताय? गेल्या वर्षीच्या तपासणीत तुमच्या बाबांनीच ठीक म्हणून सही केलीया की."

बाबांनी! हा आवाज ओळखायला मला त्यांनीच शिकवलं, आमच्या गच्चीवर, आठवीत असताना.

घरी येऊन विचारलं, सातवा खांब वाजवून बघितला होता का? नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. विसरले, कंटाळले, काहीही चाललं असतं. भाकरी मोडत म्हणाले, "वाजवलता की. पोकळच हाय तो. पण तसं लिहिलं असतं तर मला पुढची तपासणीची कामं मिळाली नसती, बाळ. तुझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, फी भरायची होती."

म्हणजे माझी डिग्री त्या खांबावर?

अहवालात लिहिलं: सातवा खांब पोकळ, वाहतूक ताबडतोब थांबवावी. उद्या ऑफिस उघडताच देणार. खाली सही केली. गेल्या वर्षीच्या कागदावरही हेच आडनाव आहे.