साच्याला चिकटलेली फुलदाणी

जडीबल, श्रीनगर

साजिदा,

तुला सलाम. आपल्या घरावर खुदाची सावली राहो. मी बरा आहे. भात वेळेवर मिळतो, खारा चहाही मिळतो, पण तुझ्या हातचा नाही.

कागदाची फुलदाणी केली. लाकडी साच्यावर भिजलेल्या कागदाचे थर खळीने चिकटवायचे आणि वाळले की कापून सोडवायचे. माझी सुटेचना. साच्यालगतचा पहिला थर बिनखळीचा ठेवतात, ते मी पुन्हा विसरलो. उस्ताद सफदर माझ्याहून लहान आहेत. म्हणाले, "बाकिरकाका, फुलदाणी करा म्हटलं होतं, तुम्ही साच्याशी तिचा निकाहच लावून दिलात!" सगळे हसले, मीही हसलो.

आता मला लगदा कुटायला बसवलं आहे. काम सोपं आहे, नमाज चुकत नाही. रंगकामाला बोलावतील असं दिसत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत?

आपल्या यावरने विचारलं आहे, यंदा अक्रोड उतरवायला झाडावर चढू का. मी पडलो तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या मुलाने चढायचं नाही. त्यासाठीच या वयात इथे शिकायला आलो. पण आता त्याला नको तरी कशाच्या बळावर म्हणू?

चढलाच, तर पाऊस होऊन गेलेल्या दिवशी नको, फांद्या निसरड्या असतात. आणि तू खाली उभी राहून वर बघत बसू नकोस. तो उतरेपर्यंत घरात थांब, दुआ कर. त्या वेळी मीही इथे तेच करत असेन.

तुझा,
बाकिर