लाकडी देवळाचे आढे

परळ, चैत्र शु॥ ३, शके १८१६

तीर्थरूप धोंडूमामांचे सेवेशी,
रघुवीरचा सा. न. वि. वि. बहीण नलू हिला लालबागच्या गणपतरावांनी मुलासाठी पसंत केले आहे. मात्र साखरपुड्याआधी त्यांनी एक गोष्ट विचारली. आपल्या गावच्या लूथरपंथी जर्मन पाद्र्याच्या लाकडी देवळाच्या छपराचे आढे देवराईतले आहे, ते झाड माझ्या वडिलांनी चोरून तोडले आणि म्हणूनच गाव सोडले, असे त्यांच्या कानावर आले आहे. वडील तर गेले. आईला विचारले की ती उठून चुलीपाशी जाते. तुम्ही तेव्हा त्यांच्या हाताखाली सुतारकाम करीत होता. खरे काय ते कळवावे. कृपा असू द्यावी.

कासळवाडी, चैत्र शु॥ १२

चि. रघुवीर यास अनेक आशीर्वाद. तू लाकडाच्या वखारीत आहेस की फौजदारीत? पाद्र्याच्या मुलुखात देवळे लाकडाचीच असतात म्हणे. तसेच त्याला इथे हवे होते. दाजींनी, तुझ्या वडिलांनी, ते चार महिन्यांत उभे केले. बावीस पावसाळे झाले, सांधा हललेला नाही. आढे बंदरावरून आले. तेवढे सांग आणि गप्प बस. जुने ओंडके उलटू नयेत, खाली विंचू असतात. माया आहेच.

परळ, चैत्र व॥ ४

ती. मामांस सा. न. वडिलांच्या श्राद्धाला तुम्हीच सांगितले होते की आढे आठ गड्यांनी डोंगरावरून ओढून आणले. बंदराच्या वाटेवर डोंगर नाही. लहान तोंडी मोठा घास घेतो, क्षमा असावी. पण तुम्ही कोणाला तरी पाठीशी घालता आहात. गणपतराव वैशाखी पौर्णिमेपर्यंत थांबणार आहेत. राग नसावा.

कासळवाडी, चैत्र व॥ १०

चि. रघुवीर यास आशीर्वाद. झाड मी तोडले. देवराईचे लाकूड माणसाच्या घराला चालत नाही, देवाच्या घराला चालते, तेही देवाने कौल दिला तर. मी गुरवाला देवाच्या घराला आढे हवे, एवढेच सांगितले. कोणत्या देवाच्या, ते त्याने विचारले नाही. दाजी मागून म्हणाले, “धोंडू, देवाचे नाव सांगून कौल लाव.” मी ऐकले नाही. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे देवाचा होकार. पुढे वर क्रूस चढला आणि गाव आमच्यावर उठले. माझे लग्न आठ दिवसांवर आले होते, म्हणून दाजींनी मिस्त्री या नात्याने सारे अंगावर घेतले. हे पत्र गणपतरावांना दाखव. त्यांना आणखी काय हवे ते विचार.

परळ, चैत्र व॥ १४

ती. मामांस सा. न. पत्र वाचून दाखवले. वडिलांवर आता त्यांचा संशय नाही. पण मुलीच्या मामाने देवाला फसवले, तो कोप त्यांच्या घरात यायला नको, असे गणपतराव म्हणतात. तुम्ही चारचौघांत, खरे नाव सांगून पुन्हा कौल लावावा. उजवा आला तर साखरपुडा. मला हे लिहिताना लाज वाटते.

कासळवाडी, वैशाख शु॥ २

चि. रघुवीर यास आशीर्वाद. सगळ्यांपुढे सगळे सांगून कौल लावला. नलूचा साखरपुडा उरकून घ्या. काल गावाने मला वाळीत टाकले, त्यामुळे माझी वाट पाहू नये. पोरीला चोळी पाठवली आहे.

परळ, वैशाख शु॥ ९

ती. मामांस सा. न. वि. वि. साखरपुडा झाला. तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पाकळी कोणत्या बाजूने पडली, हे त्यात कुठेच नाही. गुरवाला विचारायला कार्ड लिहिले होते, ते फाडून टाकले. गणपतरावांना मी उजवा कौल सांगितला. लग्नात नलूच्या पाठीशी मामा म्हणून तुम्हीच उभे राहायचे आहे. यावे, आणि मला काही सांगू नये.

तुमचा,
रघुवीर