पिवळं पाणी आणि करिष्माचा फोटो

टिळकवाडी, बेळगाव
११ जानेवारी २०२६

चि. प्रशिक यास आक्काचा जयभीम व आशीर्वाद.

हा विषय फोनवर नको, म्हणून कागद घेतला. माझ्या सख्ख्या भावाला पोलिसांची नोटीस आली, हे मला कोर्टात दुसऱ्या वकिलाकडून कळावं? नळाला पिवळं पाणी येतंय हा तुझा व्हिडिओ खोटा आहे, तो काढा, असं त्यात आहे म्हणे. काढून टाक रं. खोट्या पोस्टला तुरुंग, असा कायदा येतोय म्हणतात. मला विचारशील तर तो हवाच. मोबाईलवर वाट्टेल ते फिरतं. तू कॉलेजात शिकवतोस, संस्थावाले कधी हात झटकतील सांगता येत न्हाय.

आप्पा रोज पेपरात तुझं नाव शोधतात. शिकवायचं सोडून हा पाण्यात कशाला उतरला, म्हणून विचारत होते. तेवढंच हसू आलं.

करिष्माची बी.एड.ची परीक्षा जवळ आलीय. मामाला विचारलंय म्हणून लिही म्हणाली.

रागावलास तरी माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी सुविधाआक्का

निपाणी
१६ जानेवारी

ती. आक्कास, सप्रेम जयभीम वि. वि.

वकीलबाई, व्हिडिओ काढून टाकणार न्हाय. आमच्याच नळाखाली तांब्या धरून मी ते पाणी दाखवलंय. गल्लीतली पोरं जुलाबानं पडली तेव्हा कुणी फिरकलं न्हाय. व्हिडिओ टाकल्यावर मात्र लगेच ठाण्यात बोलावणं. साहेब म्हणाले, पाणी चांगलं असल्याचा नगरपालिकेचा रिपोर्ट आहे, म्हणजे तुमचं खोटं. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं ते पिऊन बघितलंय का, असं मी विचारलं, तर म्हणाले, मास्तर, जपून.

ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्यानंच खरं-खोटं ठरवायचं, असला कायदा तुला पाहिजे?

लिहितोय धीटपणानं, पण दारात मोटरसायकल थांबली तरी आधी खिडकीतून बघतो, मग कडी काढतो. आप्पांना सांगू नको.

लोभ आहे, तो माझ्या हट्टापायी कमी करू नको.
तुझा प्रशिक

टिळकवाडी
२ फेब्रुवारी

चि. प्रशिक यास आशीर्वाद.

क्षेम काय लिहू? करिष्माचा चेहरा दुसऱ्या बाईच्या उघड्या अंगावर चिकटवून कुणीतरी फोटो तयार केलाय. कॉलेजच्या ग्रुपवरून तो शेजारच्या अनगोळपर्यंत पोचला. ओळखीच्या बायका मला धीर देतात आणि जाताना तिच्या खोलीकडे बघतात. पोरगी जेवत न्हाय, खिडकी उघडू देत न्हाय. तक्रार दिली, तर पोलीस म्हणतात, फोटो उतरवायला वेळ लागतो. इतक्या वर्षांची माझी वकिली, पण अर्ज लिहिताना शब्द सुचेना.

खरं-खोटं कोण ठरवणार, असं तू विचारलंस. आता सांग रं. कुणीतरी ठरवायलाच पाहिजे की न्हाय? तुझ्या ओळखीत कुणी असेल तर शब्द टाक. लवकर.

तुझ्या आधाराची वाट बघणारी,
आक्का

निपाणी
७ फेब्रुवारी

ती. आक्कास सप्रेम जयभीम.

फोटो उतरल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. इथल्या त्याच साहेबांना भेटलो होतो. त्यांनी बेळगावला फोन केला. असलं घाण अजून दिसतंच कसं, सरकार करतंय काय, म्हणून मी ओरडलो गं. मग हात जोडले. माझं मलाच नवल वाटलं.

पाण्याचा विषय आता नको. कारण विचारू नको. पोरीला जेवायला घाल.

आहे तसाच जवळ ठेव.
प्रशिक

टिळकवाडी
१२ फेब्रुवारी

प्रिय मामास करिष्माचा जयभीम.

तू तुझा व्हिडिओ काढून टाकलेला मी बघितला. तू सांगणार न्हाईस म्हणून मामीला विचारलं. भाचीचं काम करतो, तुमचं व्हिडिओचंही तेवढं मिटवा, असं साहेब म्हणाले ना?

आईला सांगितलं. तिनं कोरा कागद पुढं ओढला. मग म्हणाली, फोटो उतरवणं पोलिसांचं कामच होतं, त्याच्या बदल्यात कसलं काय मागतात? तुझ्या नोटिशीला आता तीच उत्तर लिहितेय. कायदा हवाच, हे तिचं अजून आहेच. तो कुणाच्या हातात, यावरून आमचं जेवताना भांडण झालं. व्हय, जेवतेय मी.

फोटो दुसऱ्या ग्रुपवर परत आलाय. कॉलेजच्या फाटकातून परत फिरावंसं वाटतं. तरी जाते.

तू मला पाठवलेला पाण्याचा व्हिडिओ माझ्याकडे होता. आज सकाळी तो मी माझ्या पूर्ण नावानं टाकला. आई घाबरलीय, तूही घाबरशील. मीही सारखा मोबाईल उघडून बघतेय. पण मामा, माझं नाव घालून नेटवर कुणी शोधलं, तर त्यात काहीतरी खरंही सापडू दे.

ओरडायचं तर ओरड, पण लोभ ठेव.
तुझी करिष्मा