टुमारो क्लँग्ड

३ नोव्हेंबर, सोम.
निघोज्याच्या कंपनीत पहिला वर्ग. जागा कँटीन, वेळ पहिली शिफ्ट सुटल्यावर, साडेतीन ते साडेचार. विद्यार्थी अकरा, सगळे प्रेस शॉपचे, पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशिनींवरचे. समोर सांबाराचा वास, मागे भिंतीवर 'सुरक्षा प्रथम'. मी शिकवायचं ते एवढंच: बिघाडाच्या रजिस्टरमध्ये इंग्रजीत दोन ओळी कशा लिहाव्यात. कारण माल घेणारे परदेशी साहेब आता ते रजिस्टर तिकडे बसून वाचणार आहेत. 'मशिनीतून आवाज येतोय' असं ही माणसं वर्षानुवर्षं मराठीत लिहीत आली. ते कुणाला ऐकू गेलं नाही. आता इंग्रजीत आवाज आला की जाईल.

एचआरचे मोकाशी भेटले. इस्त्री केलेला माणूस. म्हणाले, "मॅडम, आवाजाला एकच शब्द ठेवा. क्लँग." म्हटलं, अहो, खणकन वेगळं, ठणकन वेगळं. खडखड, घणघण, खळ्ळकन… "ऑडिटला एकच बरा पडतो."
तर मराठीतली सगळी भांडी मोडीत घालून एक क्लँग घरी आणला.
नियम असा: रजिस्टरमध्ये 'क्लँग' आलं की ते मशीन बंद. तपासणी झाल्याशिवाय आणि सही पडल्याशिवाय सुरू नाही. एका शब्दाला एवढा अधिकार. मी साप्ताहिकात बारा वर्षं लोकांची टर उडवणारं सदर लिहिलं, माझ्या एकाही शब्दाने साधा पंखा बंद पडला नाही.

४ नोव्हें., मंगळ.
गृहपाठ: क्लँग वापरून एक वाक्य.
'माय वाइफ क्लँग व्हेन आय लेट.' (व्याकरण पास नाही, संसार पास.)
'टेंपल बेल इज क्लँग.' असे तिघांचे. एकमेकांचं बघून.
'क्लँग इज माय सुपरवायझर.' हा खाडे. बीडकडचा, प्रेस दोनवर असतो. तोंड अखंड चालू. त्याच्या मशीनला ऑइल लागतं, त्याला लागत नाही.
दत्तोबा शेवटच्या बाकावर. निघोज्याचेच, जुन्या घरातले, निवृत्तीला पाच महिने राहिलेत. सगळे दत्तूभाऊ म्हणतात. त्यांचं: 'टुमारो नंबर फोर क्लँग्ड.'
मी म्हटलं, "दत्तूभाऊ, टुमारो म्हणजे उद्या."
"व्हय. म्हाईत हाय."
"मग क्लँग्ड कसं? ईडी लावलं की होऊन गेलेलं असतं."
"आइकलंय म्हून लावलं."
सगळे हसले. खाडे म्हणाला, "मॅडम, दत्तूभाऊ फेकायलेत. घ्या चालवून."
चालवून घेतलं नाही. वाटलं, हिंदीचा परिणाम. हिंदीवाल्यांकडे काल आणि उद्या दोन्ही एकाच 'कल'मध्ये. पण निघोज्याच्या माणसाला काल वेगळा, उद्या वेगळा. तरी लाल शाईने टुमारो खोडलं, वर 'यस्टरडे' लिहिलं. त्यांनी तेच रजिस्टरमध्ये उतरवलं, सुवाच्य अक्षरात.

६ नोव्हें., गुरु.
काल सकाळी प्रेस चारचा बोल्ट तुटला. अख्खी डाय, म्हणजे वरचा जड साचा, खाली. चहाची वेळ होती म्हणून समोर कुणी नव्हतं.
रजिस्टरमध्ये आदल्या दिवशीच 'यस्टरडे' होतं. मेंटेनन्सवाल्यांनी वाचलं, म्हणाले, झालं ते झालं, आज तर ठीक चाललंय, आणि तपासणीची सही ठोकून दिली.
मोकाशी खूश. "बघा मॅडम, नोंद आधीच होती! वर्गाचा फायदा."
दत्तोबा मागे रेंगाळले. वर्ग सुटल्यावर जवळ येऊन हळूच: "तुमी कालचं केलं, मॅडम. उद्याचं ऱ्हायलं असतं तर बंद ठेवली असती."
योगायोग. मशीन जुनं, माणूस अनुभवी. इंजिनाचा आवाज ऐकून मेकॅनिक सांगतोच की.
मग दिवस कसा सांगितला, हे राहिलंच.

१० नोव्हें., सोम.
दत्तोबांचं वाक्य: 'थर्सडे क्रेन क्लँग्ड.'
खोडलं नाही. समासात प्रश्नचिन्ह काढलं, म्हणून त्यांनी ते रजिस्टरमध्ये उतरवलं नाही. शिक्षकाने भित्रेपणा करायचा झाला की प्रश्नचिन्ह फार उपयोगी.
खाडेने खुलासा केला: "मॅडम, प्रेस शॉपच्या खाली विहीर आहे. बुजवली. त्याचं आहे हे सगळं."
दत्तोबा उखडले. "कसली विहीर? आमचंच रान व्हतं ते. हरभरा करायचो. हरभऱ्याचा कसला आवाज रं?"
"मग तुम्हाला कानात येतं का?" मी विचारलं.
"कानात न्हाई. दातात." हे त्यांनी 'वरण जरा खारट झालंय' अशा सुरात सांगितलं. "आदी दातात येतं. मागनं कानात."
किती आधी?
"त्याला काय मोजमाप न्हाई."

१३ नोव्हें., गुरु.
हे लिहून ठेवायलाच हवं, उद्या मीच मला खोटं पाडीन.
तीन पन्नास. मी फळ्यावर होते. सगळ्यांच्या समोर चहा. दत्तोबांनी अर्धा प्यालेला ग्लास खाली ठेवला, दोन्ही तळवे टेबलावर सपाट टेकवले, जसं कुणी होडी हलू नये म्हणून बसतं. म्हणाले, "आला."
काही नाही. पंखा. खाडेसुद्धा गप्प. मी मनात आकडे म्हणत होते, का ते माहीत नाही. एकोणीसला शेडकडून आवाज आला. क्रेनची साखळी निसटून हूक फरशीवर. सगळे ग्लास टेबलावर किणकिणले, एक सोडून. दत्तोबांचा. मधेच एक हात काढून त्यांनी तो आधीच धरून ठेवला होता.
लागलं कुणाला नाही.
परतीच्या बसमध्ये तळेगाव रोडवर दाढा घट्ट आवळलेल्या होत्या. माझ्या. कधीपासून, कोण जाणे.

१६ नोव्हें., रवि.
नि. (आमचे हे) जेवायला बसले. पिंपरीच्या फोर्जिंगमध्ये सव्वीस वर्षं हातोड्याशेजारी काढून दोन्ही कान देऊन आलेत. जेवताना कानाचं मशीनही काढून ठेवतात, म्हणजे माझी टीका वाचते. आज घास तोंडात धरून म्हणाले, "ताट कुणी आपटलं?"
कुणी नाही. मी खूण केली, नाही.
"आपटलं. वरती."
वाढून होईपर्यंत काही नाही. ताक संपलं. मग वरच्या मजल्यावर ताट पडलं, गोल गोल फिरत, थांबता थांबेना. मी छताकडे बघत होते. नि. लोणच्याकडे. त्यांना ते ऐकू आलंच नाही.
त्यांना नोव्हेंबरातलं यातलं काहीही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

१७ नोव्हें., सोम.
दत्तोबांनी आज गृहपाठ दिला नाही. सरळ रजिस्टरमध्ये लिहिलं. खाडेनेच येऊन सांगितलं, हसत, पण नेहमीचं हसणं नव्हे ते.
'फ्रायडे प्रेस टू क्लँग्ड. आफ्टर क्लँग, खाडे नॉट स्पीकिंग.'
"मला गप्प करायची आयडिया आहे मॅडम, दुसरं काही नाही. माझी बायको पण हेच मागत असती देवाला."
दत्तोबा बाकावर पायांकडे बघत बसलेले.

१८ नोव्हें., मंगळ.
मोकाशींचा फोन. प्रेस दोन तपासून झाली, दोष नाही; पण नोंद शुक्रवारची, आणि शुक्रवारी ती बंद ठेवणं शक्य नाही, मोठा माल जायचा आहे. आणि क्लँग तर रजिस्टरमध्ये पडलंय, तिकडच्यांनी वाचलंय. वाट एकच.
"तुम्ही दोन ओळी लिहून द्या. भाषेची चूक आहे. 'लास्ट फ्रायडे' म्हणायचं होतं. तुम्ही पूर्वी एकदा दुरुस्त केलंच होतं ना, टुमारोचं यस्टरडे? तसंच."
म्हटलं, आणि नाही दिलं तर?
"मग ती चूक भाषेची नाही, माणसाची. खोटी नोंद, अफवा. दत्तोबांवर कारवाई करावी लागेल. पाच महिन्यांनी माणूस हार घालून घरी जायचा, तो असा जाईल. आम्हाला तरी बरं वाटेल का?"
फार गोड बोलतात. जवळपास मधमाशी असती तर मी म्हटलं असतं हा मध आहे.
म्हणजे सही केली तर दत्तोबा वाचतात आणि शुक्रवारी खाडे मशीनसमोर उभा राहतो. नाही केली तर उलट. आणि हे सगळं एका क्रियापदाच्या शेपटावर.

१९ नोव्हें., बुध.
वर्ग नव्हता, तरी गेले. शिफ्ट सुटताना दोघांना गेटबाहेर गाठलं, टपरीवर.
खाडे म्हणाला, "सही करून टाका. दत्तूभाऊंना या वयात काढलं तर काय करतील? माझं काय, मी सेन्सरच्या मागं उभा राहतो, हात आत गेला तर मशीन आपोआप थांबतंय."
"चारला बी सेन्सर व्हता," दत्तोबा म्हणाले.
"तुम्ही गप बसा हो जरा."
"मी गपच बसलो व्हतो रं तीस वर्सं. आता मॅडमनी ल्ह्याया शिकवलं." मग माझ्याकडे वळून: "आवाज कुनाचा ते आदी कधीच कळत न्हाई. अवंदा पहिल्यांदा कळलं. म्हून नाव घातलं. न्हाईतर कशाला घालतो."
मी विचारलं, तुमच्यावर कारवाई झाली तर?
"हुईल ती हुईल. तुमी खोडू नका."
खाडेने चहाचे पैसे दिले, आम्ही दोघं देतो म्हणत असताना. बोलत बोलत गेला, पाठीकडून सुद्धा बोलत.

२० नोव्हें., गुरु.
सकाळभर पत्र. आयुष्यभर लोकांच्या इंग्रजीवर हसून पोट भरलं मी. दुकानांच्या पाट्या, पुढाऱ्यांची भाषणं. आणि आज पहिल्यांदा एका चुकीच्या वाक्याच्या बाजूने लिहायला बसले तर इंग्रजी सुचेना.
शेवटी इंग्रजीत जमलं, त्याचा मराठी अर्थ: 'मी प्रशिक्षक या नात्याने हे वाक्य तपासले आहे. वाक्य लिहिणाऱ्यास जे म्हणायचे होते तेच त्याने लिहिले आहे. त्यात दुरुस्ती करू नये.'
सही. शिक्का नाही, तो माझ्याकडे कधीच नव्हता. एक प्रत रजिस्टरमध्ये डकवली.
मोकाशींनी वाचून घडी घातली. "तुम्ही लेखक मंडळी," एवढंच म्हणाले.

२१ नोव्हें., शुक्र.
दिवसभर घरी. फोन उलटा ठेवला, सुलटा केला, उलटा.
प्रेस दोन बंद ठेवली. तिकडून तसा आदेशच आला म्हणे, माझ्या पत्राची प्रत वाचून. खाडेला पॅकिंगला लावलं. दत्तोबांना सकाळीच गेटवर थांबवून पत्र दिलं, चौकशी होईपर्यंत घरी.
पाचला वर्गातल्या एकाचा मेसेज: 'नो क्लँग मॅडम.'
मी देवासमोर उभी राहिले, जी सहसा राहत नाही. बरं वाटलं. दत्तोबांचं आठवून लगेच वाटेनासं झालं.

२४ नोव्हें., सोम.
वर्गात दहा जण. शेवटचा बाक रिकामा. खाडे होता. हात-पाय, बोटं सगळी, मी मोजली, लाज सोडून.
तो बोलत नव्हता.
बाकीच्यांनी सांगितलं. शुक्रवारी दहाच्या सुमाराला पॅकिंगवर खोका बांधत होता. आवाज नाही, काही नाही. एकदम दचकला, "कोण पडलं?" म्हणाला आणि शेडकडे पळाला. तिथे बंद मशीन. तेव्हापासून शब्द नाही. घरीही नाही. बायको रडतेय म्हणे. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही.
'आफ्टर क्लँग, खाडे नॉट स्पीकिंग.' म्हणजे झालं. की होणार आहे, आणि त्याच्यापुरतं आधीच झालं?
दत्तोबांना फोन केला. उचलला, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला आता काय येत न्हाई, मॅडम. शुक्रवारपासनं साफ बंद झालंय." सुटल्यासारखा आवाज होता त्यांचा. मला त्याचीच भीती वाटली.

मोकाशी कँटीनच्या दारात येऊन गेले. शुक्रवार गेला, काही घडलं नाही, प्रकरण संपलं. प्रेस दोन उद्या पहिल्या शिफ्टला सुरू. रजिस्टरमध्ये 'सध्या कोणतीही नोंद बाकी नाही' एवढं मी लिहून द्यायचं. सहापर्यंत.
मी खाडेजवळ बसले. म्हटलं, बोलू नकोस, लिही. क्लँग वापरून एक वाक्य. त्याने वही ओढली. वेळ लावला. एकेका अक्षरावर थांबत होता, कुणीतरी सांगतंय आणि हा उतरवून घेतोय तसा.
'इट क्लँग्ड अँड आय सॉ हू.'
काल, आज, उद्या, काही नाही. वार नाही, नाव नाही.
"कधी?" मी विचारलं. "कोण?"
त्याने टेबलाभोवती बसलेल्या नऊ जणांकडे पाहिलं, एकेकाकडे, न थांबता. मग माझ्याकडे पाहिलं. वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

पावणेसहा. कँटीनमध्ये मी एकटी. मोकाशींचे दोन मिस्ड कॉल. मोकाशींची ओळ अजून लिहिलेली नाही. खाडेचं वाक्य पाच वेळा वाचलं.
व्याकरणाची एकही चूक नाही.