मामांचं पोट आणि दाराचं रबर

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (लांबूनच घालतोय. जवळ येऊन घातला असता तर तुम्ही पाय मागे घेतले असते, असं मामीचं म्हणणं आहे.) तुमची तब्येत कशी आहे हे विचारायचं तोंड मला उरलेलं नाही, तरी विचारतो. हर्निया काय म्हणतोय? खोकताना हात लावून धरता ना? माझी तब्येत उत्तम आहे. हे वाचून तुम्हाला फारसा आनंद होणार नाही याची कल्पना आहे.

गेल्या गुरुवारी तुम्ही आदल्या रात्रीपासून उपाशी, हिरवा गाऊन घालून, हाताला सुई टोचून वॉर्डात पडला होतात, आणि मी, तुमचा सख्खा भाचा, तुम्हीच लावून दिलेल्या नोकरीत बसून तुमचं ऑपरेशन थांबवलं. ज्या माणसाने हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं हे मशीन एकतीस वर्षं चालवलं, त्याच्याच पोटासाठी हत्यारं नाहीत. तुम्ही गाऊनवरच शर्ट चढवून घरी गेलात (तो गाऊन सिस्टर मागतायत, पण ते नंतर) आणि तेव्हापासून येईल त्याला सांगताय, की माझ्या वेळेस मशीनपायी एकही ऑपरेशन रद्द झालं नाही. झालं काय ते तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, म्हणून हे पत्र.

बुधवार म्हणजे मशीनच्या धुण्यापुसण्याचा दिवस, हे तुम्हाला काय सांगायचं. मशीन थंड झालं की तळाची जाळी काढून घासायची, आतून पुसायचं, दाराचं रबर काढून धुवायचं आणि परत खाचेत बसवायचं. (जाळीत या वेळी दोरे, कागदाचे कपटे आणि शर्टाचं एक बटण निघालं. ते आपलं नाही असं खात्यातला प्रत्येक माणूस शपथेवर सांगतो.) दुसऱ्या दिवशी तुमचं ऑपरेशन, म्हणून मी जरा जास्तच मन लावून कामाला लागलो, आणि मी मन लावलं की काम बिघडतं हे तुम्ही माझ्या शाळेपासून बघताय. रबर बसवायचं कसं, ते तुम्ही मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आधी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असं चार ठिकाणी दाबून घ्यायचं, मग मधलं. उद्या मामांना किती भूल देतील, मामी किती घाबरेल, या विचारात मी एका बाजूने सुरू केलं आणि दाबत दाबत गोल फिरून आलो. शेवटी बोटभर रबर उरलं. बोटभर रबर का उरावं, याचा खरं तर विचार करायला हवा होता. मी ते उशीत कापूस कोंबतात तसं कोंबलं, दार लावलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

गुरुवारी सकाळी रिकाम्या मशीनमध्ये कापडाच्या गठ्ठ्यात रोजचा चाचणीचा कागद ठेवला. आतली हवा पूर्ण निघून वाफ सगळीकडे पोचली, तर कागद काठापासून काठापर्यंत काळा होतो. माझ्या कागदाच्या मधोमध बटणाएवढा फिकट ठिपका राहिला. मी जाळीला दोष दिला, पाण्याला दिला, कागद बनवणाऱ्याला दिला, पुन्हा चाचणी लावली. पुन्हा ठिपका. आधीच निर्जंतुक करून ठेवलेले हत्यारांचे दोन्ही सेट पहाटेच तातडीच्या ऑपरेशनांना गेले होते, आणि वरून डॉक्टरांचा फोन, की किती वेळ लागेल?

मामा, तो कागद माझ्याशिवाय कोणी बघत नाही. माझ्या हातातून तो सरळ रजिस्टरमध्ये जातो. ठिपका तर एवढासा होता. खरं सांगतो, मला जंतूंपेक्षा तुमची भीती जास्त वाटत होती. पण तुम्हीच म्हणायचात, टेबलावर झोपणारा माणूस आपल्याला कधी दिसत नाही, म्हणून आपण कागद नीट बघायचा. त्या दिवशी मला तो माणूस दिसत होता, अख्खा, पोटासकट, आणि ज्याने मला सायकल शिकवली तो दिसत होता. मी फोनवर सांगितलं, आज हत्यारं मिळणार नाहीत.

तुम्ही गेल्यावर मेकॅनिक आला आणि त्याने टॉर्च मारून मिनिटभरात रबराची घडी दाखवली, तिथूनच हवा आत शिरत होती. आता सगळं नीट आहे. आज सकाळचा कागद सोबत जोडलाय, उजेडात धरून बघा. येत्या गुरुवारी तुमचं नाव पुन्हा लावलंय. मामीला नमस्कार, आणि राग थोडा कमी झाला असेल तर तुम्हालाही पुन्हा एकदा.

तुमचा (तुम्ही मानत असाल तर) भाचा

ता. क. : अशी चूक रजिस्टरमध्ये लिहितात कशी हे मला माहीत नव्हतं, म्हणून वरच्या फळीवरची जुनी रजिस्टरं काढली. तुमच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षाच्या रजिस्टरमध्ये, तुमच्याच अक्षरात सापडलं: "रबर एका बाजूने बसवलं. चूक माझी. दोन ऑपरेशनं पुढे ढकलली." मी ते शब्दशः उतरवून घेतलं. फक्त दोनच्या जागी एक केलं. ते पान मी कुणालाही दाखवलेलं नाही. (सिस्टर सोडून. आणि मेकॅनिक.)

ता. क. २ : ते पान वाचून मला रडू आलं, हे मामीला सांगू नका. बुधवारी दुपारी जरा लवकर या. काही उचलायचं नाही, नुसतं अंगठ्यांनी दाबायचं आहे. या वेळचं रबर तुम्हीच बसवा, म्हणजे गुरुवारी काही बिघडलंच तर तक्रार तुमच्याकडेच करता येईल. येताना गाऊन आणा.